जोगजा आणि सोलो : वार पाहून, प्रदक्षिणेच्या दिशेनं

इंडोनेशियातल्या मध्य जावाच्या सहली फसतात त्या बहुधा सोमवारी. योग्यकार्ताचा, म्हणजे जोगजाचा, राजवाडा सोमवारी बंद. बोरोबुदूरच्या बौद्ध स्तूपावर चढणं सोमवारी बंद. सोलोजवळचं सांगिरानचं आदिमानव संग्रहालयही सोमवारी बंद. सोलोच्या थोरल्या राजवाड्याची सुट्टी शुक्रवारी असते. आपल्याकडचे लोक शनिवार-रविवारला जोडून रजा टाकतात, रविवारी पोचतात आणि फिरण्याचा पहिलाच दिवस बंद दारांपुढे घालवतात. म्हणून आम्ही विमानाच्या तिकिटाआधी वार मांडतो. मंगळवारी पोचायचं. बुधवारी जोगजाचा राजवाडा, गुरुवारी प्रम्बाननची हिंदू देवळं, शुक्रवारी बोरोबुदूर, शनिवारी सकाळच्या लोकलनं सोलो, रविवारी लावू डोंगरावरची देवळं आणि सोमवारी परत. यात एकही दिवस वाया जात नाही. मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. त्यातही रमजान ईदच्या आसपासचा आठवडा टाळा, त्या काळात अर्धा जावा गावी निघालेला असतो.

योग्यकार्ताला तिथे कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही, ते 'जोगजा'. सुराकार्ता म्हणजे 'सोलो'. मातारामचं एकच राज्य १३ फेब्रुवारी १७५५ च्या गियांती तहानं दुभागलं. थोरली गादी सोलोला राहिली आणि राजपुत्र मांकुबुमी हा पहिला हामेंकुबुवोनो सुलतान होऊन जोगजाला बसला. दोनच वर्षांनी सोलोतून मांकुनेगारान ही आणखी एक शाखा फुटली. एका घराच्या वाटण्या झाल्यावर भांडी, पाककृती आणि सणाच्या रीती जशा वेगळ्या होत जातात, तसंच पुढे झालं. जोगजाच्या ब्लांकोन पगडीला मागे गाठीचा उंचवटा असतो, सोलोची पगडी मागे सपाट. जोगजाच्या बाटिकची जमीन पांढरी, सोलोची पिवळसर तपकिरी. नाच वेगळा, गामेलान या घंटा-झांजांच्या वाद्यमेळाचा बाजही वेगळा. एकच शहर पाहिलं तर हे फरक कळायला जागाच राहत नाही, म्हणून सोलोला एक दिवस तरी द्यावाच.

भारतीय पासपोर्टला आगमनानंतर मिळणारा व्हिसा चालतो : ५ लाख रुपिया, ३० दिवस, पुढे एकदा ३० दिवसांची वाढ. तोच व्हिसा इमिग्रेशनच्या सरकारी वेबसाइटवर आधीच काढला तर विमानतळावरची एक रांग वाचते. तशाच दिसणाऱ्या खासगी वेबसाइट दुप्पट पैसे घेतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट आयडी' आहे ना, ते बघूनच कार्ड वापरावं. पासपोर्टची मुदत पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने हवी. सीमाशुल्क आणि आरोग्याचा आगमन-फॉर्मही निघण्यापूर्वी ऑनलाइन भरून क्यूआर कोड फोनमध्ये साठवून ठेवा.

शून्यांना घाबरायचं कारण नाही. एका भारतीय रुपयाला साधारण १८५ ते १९० रुपिया पडतात, म्हणजे दहा हजार रुपिया म्हणजे आपले पन्नास-पंचावन्न रुपये. बोलताना लोक शेवटची तीन शून्यं गिळतात. 'दुआ पुलुह लिमा' म्हणजे पंचवीस, पण अर्थ पंचवीस हजार. एटीएममध्ये खरी काळजी वेगळीच. तिथली पुष्कळ यंत्रं आधी नोटा देतात आणि कार्ड नंतर. आपल्या हाताला नोटा उचलून चालू लागायची सवय, त्यामुळे कार्ड आत राहतं आणि थोड्या वेळानं यंत्र ते गिळून टाकतं. नोटा मोजण्याआधी कार्ड खिशात घाला.

जोगजाचा नवा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला, कुलोन प्रोगोत आहे. विमानतळाच्या आवारातूनच रेल्वे सुटते आणि चाळीसेक मिनिटांत तुगू स्टेशनवर सोडते. टॅक्सीला त्याच अंतरासाठी तासाहून जास्त लागतो आणि भाडं कितीतरी पट. तिकीट काढताना सावध राहा, शहरात दोन स्टेशनं आहेत : तुगू (फलकावर 'योग्यकार्ता') आणि लेम्पुयांगान. मालिओबोरो रस्ता तुगूच्या दक्षिणेला लागूनच सुरू होतो, तेव्हा मुक्काम त्या बाजूच्या गल्ल्यांत घेतलेला बरा. भारताच्या घड्याळापेक्षा दीड तास पुढे असलेल्या या गावात सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारासच बुडतो. सकाळी साडेदहाला आंघोळ उरकणाऱ्यांनी इथे येऊ नये, असं आम्ही स्पष्टच सांगतो.

राजवाडा, म्हणजे क्रतॉन, सकाळी उघडतो आणि दुपारी दोनच्या सुमारास बंद होतो. इथे हमखास होणारी चूक अशी : लोक उत्तरेच्या मोठ्या चौकातून पागेलारानचं तिकीट काढतात, तो खांबांचा भव्य मंडप पाहतात आणि राजवाडा झाला म्हणून परत फिरतात. पागेलारान हा बाहेरचा दरबार. सुलतानाचं आवार त्याच्या मागे आहे, त्याचं तिकीट वेगळं आणि वाट पश्चिमेच्या गल्लीतून, केबेनच्या दारानं. सकाळी आत गामेलान, वायांग (बाहुल्यांचा खेळ) किंवा नाच यांपैकी काहीतरी सुरू असतं. नऊला पोचलात तर आधी वास्तू पाहून मग बसायला जागा मिळते, अकराला पोचलात तर नुसती डोकी दिसतात. खांदे झाकलेले हवेत, टोपी काढावी लागते. परांग ही तिरप्या पट्ट्यांची बाटिक नक्षी राजघराण्याची राखीव, म्हणून आदल्या दिवशी बाजारातून घेतलेला परांगचा शर्ट घालून आत जाऊ नका. पट्ट्यापट्ट्यांचा गडद निळा अंगरखा आणि पाठीमागे खोचलेला क्रिस (खंजीर) घेऊन बसलेले म्हातारे हे 'अब्दी दालेम', राजवाड्याचे सेवक. त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही. काही विचारायचं असेल तर उजव्या हाताचा अंगठा पुढे करून दिशा दाखवावी, जावात तीच रीत.

मालिओबोरोपासून क्रतॉनपर्यंत चालताना एखादा गोड बोलणारा माणूस भेटणारच : आज राजवाडा बंद आहे, समारंभ आहे, पण बाटिकचं एक प्रदर्शन आजच संपतंय, बेचाक (सायकलरिक्षा) अगदी स्वस्तात नेईल. राजवाडा उघडा असतो. प्रदर्शन म्हणजे दुकान आणि बेचाकवाल्याचं कमिशन तुमच्या खरेदीत मिसळलेलं. 'तेरिमा कासिह' (धन्यवाद) म्हणून, थांबण्याची गरज नाही, पुढे चालत राहावं. बेचाक वाईट नाही. फक्त भाडं आणि जायचं ठिकाण दोन्ही चढण्याआधी ठरवा.

क्रतॉनहून पंधरा मिनिटांवर तामान सारी. अठराव्या शतकातली जलक्रीडेची बाग. तलाव सगळे पाहतात. मागच्या वस्तीतून बोगद्यानं जाणारी सुमूर गुमुलिंग ही भूमिगत गोल मशीद मात्र अनेकांची राहून जाते, कारण वाट घरांच्या अंगणांतून जाते आणि पाट्या तुटक आहेत. मधल्या उघड्या जागेत एकत्र येणारे जिने आहेत, तिथे फोटोसाठी रांग लागते, तेव्हा तलावाआधी हीच जागा पाहावी. तुगूचा स्तंभ, मालिओबोरो, राजवाडा आणि दक्षिणेची क्राप्याकची वास्तू ही सगळी उत्तर-दक्षिण रेषेवर मांडलेली आहेत. उत्तरेला मेरापी ज्वालामुखी, दक्षिणेला समुद्र. या अक्षाला युनेस्कोनं २०२३ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. एकदा ही रेषा डोक्यात बसली की गावात वाट चुकत नाही. जोगजाचे लोकसुद्धा डावं-उजवं न सांगता उत्तर-दक्षिण सांगतात.

गुरुवारी दुपारी प्रम्बानन. जोगजाहून सतरा किलोमीटर. मालिओबोरोवरून ट्रान्स जोगजाची बस जाते, तिला अगदी किरकोळ भाडं लागतं, पण तास-सव्वा तास धरावा. परदेशी माणसाला तिकीट सुमारे ४ लाख रुपिया, म्हणजे आपले दोन हजारांहून जास्त. इतके पैसे मोजून अर्ध्या तासात बाहेर येणारे पुष्कळ भेटतात, कारण काय पाहायचं हे ठाऊक नसतं. शिवाचं मधलं देऊळ ४७ मीटर उंच. पूर्वेच्या जिन्यानं चढा, आत जाण्याआधी डावीकडे वळा आणि देऊळ उजव्या हाताला ठेवून चाला, म्हणजे आपली नेहमीची प्रदक्षिणा. रामायण तुमच्या डाव्या हाताला, कठड्याच्या आतल्या अंगावर कोरलेलं आहे. उजव्या भिंतीवर दिक्पाल. बहुतेक लोक देवळाच्या भिंतीकडे बघत चालतात आणि रामायण त्यांच्या पाठीमागून निघून जातं.

पहिलं शिल्प शेषावर बसलेल्या विष्णूचं. पुढची गोष्ट ओळखीची, पण वाल्मीकीची ओळ धरून चालाल तर अडखळाल. मरणोन्मुख जटायू इथे रामाला अंगठी देतो. लक्ष्मण भात्यात पाणी भरून आणतो आणि ते पाणी सुग्रीवाचे अश्रू असतात. वाली-सुग्रीवाच्या पहिल्या लढाईत दोघे हुबेहूब, दुसऱ्या वेळी सुग्रीवाच्या अंगावर पानांची ओळख बांधलेली. सेतूपाशी माशांच्या तोंडात दगड आहेत. ते दगड आणून देतायत की पळवतायत, यावर वाटाडे रंगून भांडतात. शिवमंदिरावर कथा सेतू ओलांडून थांबते आणि उरलेली ब्रह्माच्या देवळावर सुरू होते. हे न कळल्यानं रावणवध सापडला नाही म्हणणारे खूप. ब्रह्मदेव दक्षिणेला, विष्णू उत्तरेला. विष्णूच्या कठड्यावर कृष्णकथा.

शिवमंदिराला चार गाभारे. पूर्वेला महादेव, दक्षिणेला अगस्त्य, पश्चिमेला गणपती, उत्तरेला महिषासुरमर्दिनी. स्थानिक लोक या दुर्गेला रारा जोंग्रांग, म्हणजे सडपातळ राजकन्या म्हणतात आणि तिची वेगळीच दंतकथा सांगतात. गाभारे काळोखे आहेत. फोनचा उजेड मूर्तीच्या अंगावर सरळ न टाकता खालून, बाजूनं टाकला तरच कोरीवकाम उठून येतं. बाहेर दगडांचे ढीग पाहून 'डागडुजी अर्धवट सोडली' असं वाटतं. मुळात इथे दोनशे चाळीस देवळं होती. मूळ दगड पुरेसे सापडल्याशिवाय देऊळ उभं करायचं नाही, असा तिथल्या पुरातत्त्व खात्याचा दंडक आहे. शिवमंदिर स्वतः १९५३ साली पुरं झालं. वेरूळचं कैलास याच्या शंभर वर्षं आधीचं. ते वरून खाली कोरत आणलेलं आणि हे खालून वर, चुन्याशिवाय खाचा जुळवून रचलेलं. २७ मे २००६ च्या भूकंपात प्रम्बाननला हादरा बसला.

त्याच आवारात उत्तरेला आठशे मीटरवर सेवू आहे, २४९ देवळांचा बौद्ध समूह. तिकीट तेच. निम्मे लोक तिथवर जात नाहीत आणि संध्याकाळचा सोनेरी उजेड खरा तिथेच पडतो. रात्री साडेसातच्या सुमारास रामायण नृत्य. कोरड्या हंगामात उघड्या रंगमंचावर, मागे देवळांवर दिवे. पावसाळ्यात सभागृहात होतं, तेव्हा मागे देवळं नसतात. तिकीट काढण्याआधी कुठल्या मंचावर आहे ते विचारा. परतीची बस तोवर संपलेली असते. गाडी थांबवून ठेवावी, नाहीतर अर्ध्या तासाचं भाडं दुप्पट पडतं.

बोरोबुदूरला जोगजाहून चाळीस किलोमीटर, सव्वा तास. दिवसभराची गाडी चालक आणि इंधनासकट सहा ते आठ लाख रुपियांत मिळते. आता वर चढायला दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात, वेळ तिकिटावर छापलेली, वाटाड्या सक्तीचा. चढण्याचं तिकीट परदेशी माणसाला साधारण साडेचार लाख रुपिया, खालच्या अंगणापुरतं त्याहून थोडं कमी. दोन्हींची नावं वेबसाइटवर इतकी सारखी आहेत की चुकीचं घेऊन जिन्यापाशी अडवले गेलेले लोक रोज दिसतात. निदान आठवडाभर आधी सकाळची पहिली किंवा दुसरी तुकडी धरा, दहानंतर वरच्या दगडाचा चटका बसतो. दगडाची झीज थांबावी म्हणून 'उपानत' नावाच्या विणलेल्या चपला तिकिटातच देतात, घरी न्यायलाही मिळतात. आपले बूट पिशवीत घालून बरोबर वागवायचे. चपलेचा तळ मऊ आहे आणि पायऱ्या उंच. गुडघे कुरकुरत असतील तर उतरताना कठड्याच्या बाजूनं उतरा. आणि हो, 'उपानह' हा संस्कृत शब्द वाटाड्याला सांगितलात तर तो खूश होतो.

वर तुम्हाला मिळतो सुमारे एक तास. इथली कथाशिल्पं १,४६०. सगळी क्रमानं वाचायची तर चार सज्ज्यांतून दहा प्रदक्षिणा होतात, कारण पहिल्या सज्ज्यात चार आणि बाकी तिन्हींत दोन-दोन ओळी आहेत. हे एका तासात शक्य नाही. म्हणून आधीच ठरवा आणि वाटाड्याला चढण्याआधीच सांगा : पहिल्या सज्ज्यातली मुख्य भिंतीची वरची ओळ, पूर्वेच्या दारापासून. तिथे ललितविस्तर आहे, बुद्धाच्या तुषित स्वर्गातल्या वास्तव्यापासून पहिल्या प्रवचनापर्यंत, १२० शिल्पं. न सांगितल्यास वाटाडा सरळ वरच्या घंटेच्या आकाराच्या ७२ स्तूपांकडे नेतो, कारण लोकांना तिथेच फोटो हवे असतात. आमचं मत : पस्तीस मिनिटं ललितविस्तर, वीस मिनिटं वर. बुद्धमूर्तींच्या मुद्रा वाटेत पाहून घ्या. पूर्वेला भूमिस्पर्श, दक्षिणेला वरद, पश्चिमेला ध्यान, उत्तरेला अभय, सर्वांत वरच्या कठड्यावर चारी दिशांना वितर्क आणि जाळीच्या स्तूपांत धर्मचक्र.

उतरल्यावर आग्नेय कोपऱ्यात जा. बोरोबुदूरच्या मूळ पायावर कर्मफळाची १६० शिल्पं आहेत, पण बांधतानाच ती रुंद दगडी ओट्यानं झाकली गेली. १८८५ साली त्यांचा पत्ता लागला, पुढे कासियान चेफास या जावानीज छायाचित्रकारानं त्यांची छायाचित्रं घेतली आणि पुन्हा झाकली. हा कोपरा तेवढा उघडा आहे. काही शिल्पांच्या वर कारागिरासाठी खुणेचे शब्द कोरलेले राहिले आहेत. त्यांतला एक 'विरूप'. खाली वेडीवाकडी तोंडं. कावी ही जुनी जावानीज लिपी वाचता येत नसली, तरी तो शब्द मराठी माणसाला भाषांतर करून सांगावा लागत नाही.

परतताना पावोन आणि मेंदुत. तिन्ही एका सरळ रेषेत. मेंदुतच्या गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेला तीन मीटरचा बुद्ध आहे, गर्दी जवळपास नाही. वैशाख पौर्णिमेला मिरवणूक याच मेंदुतहून बोरोबुदूरला निघते. त्या दिवसाच्या मागेपुढे नेहमीचं दर्शन विस्कळीत असतं.

जेवणाचं. गुदेग म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, नारळाचं दूध आणि ताडाच्या गुळात तासन्‌तास शिजवलेली, सागाच्या पानांनी तपकिरी झालेली. कोकणातली कुयरीची भाजी डोळ्यांपुढे आणू नका, ही गोड आहे. शाकाहारी लोक फणस म्हणून आनंदानं मागवतात आणि ताटात कोंबडी, अंडं आणि 'क्रेचेक' येतं. क्रेचेक म्हणजे गाई-म्हशीच्या कातड्याचं तिखट कालवण. 'वेजिटेरियन' एवढं म्हणून भागत नाही. 'तान्पा' म्हणजे 'शिवाय'. तान्पा आयाम (कोंबडी), तान्पा तेलुर (अंडं), तान्पा क्रेचेक, तान्पा तेरासी. तेरासी ही कोळंबीची आंबवलेली चटणी जवळजवळ प्रत्येक सांबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) असते, आणि फुकट मिळणारा कुरकुरीत पापड पुष्कळदा कोळंबीचा. टेम्पे आणि तोफू (दोन्ही सोयाबीनचे), लोतेक आणि पेचेल (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) यांवर पोट छान भरतं, फक्त तेरासीचं आधी बोला.

शनिवारी तुगूहून सोलोची लोकल. ८,००० रुपिया, सव्वा तास. गाडी तुगूलाच सुटते, म्हणून बसायला जागा हवी तर तिथूनच चढा, लेम्पुयांगानला उभं राहावं लागतं. बँकेचं ई-मनी कार्ड सुविधा दुकानातून आदल्या दिवशी घेऊन भरून ठेवा, तेच ट्रान्स जोगजालाही चालतं. सोलो बालापानला उतरून आधी थोरला राजवाडा, कासुनानान. आतल्या अंगणात समुद्रकाठची काळी वाळू पसरलेली आहे. बूट चालतात, चपला काढाव्या लागतात, त्यामुळे चपला घालून गेलेला माणूस दुपारी तापलेल्या वाळूत अनवाणी नाचतो. बराचसा भाग ३१ जानेवारी १९८५ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला. मांकुनेगारान त्याहून नीटनेटका : प्रचंड सागवानी मंडप, छतावर रंगीत ज्वाळा, वाटाडा बरोबर येतोच.

बाटिक सोलोला घ्यावं. लावेयानच्या गल्ल्यांत कारखान्यात चांतिंग या लेखणीसारख्या हत्यारानं मेण ओढताना, तांब्याच्या ठशानं छापताना आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण उतरवताना पाहता येतं. खरेदीची परीक्षा सोपी : कापड उलटा. हातानं काढलेल्या आणि ठशाच्या कापडाला दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा रंग असतो, छापील कापडाची मागची बाजू फिकी. ठशाचं काम ठरावीक अंतरावर तंतोतंत पुन्हा येतं, हाताची रेघ कधीच नाही. जोगजाच्या बेरिंगहार्जो बाजारात स्वस्त मिळतं ते बहुतेक छापील. टेबलक्लॉथला काय हरकत आहे? फक्त हातकामाची किंमत देऊ नका.

रविवारी लावू डोंगराच्या उतारावर सुकुह आणि चेतो. दोन्ही पंधराव्या शतकातली, माजापाहित या जावातल्या हिंदू-बौद्ध साम्राज्याच्या उतरत्या काळातली. सुकुहचं देऊळ छाटलेल्या पिरॅमिडसारखं दिसतं आणि आवारात एक शिल्प आहे : भीम भट्टीपाशी लोहार होऊन बसलाय, अर्जुन भाता ओढतोय आणि मध्ये गणपती नाचतोय. चेतो आणखी वर आहे, शेवटचा चढ इतका खडा की भाड्याच्या छोट्या स्कूटर दोघांना घेऊन अडतात आणि उतरताना त्यांचे ब्रेक तापतात. गाडीच घ्या, सोलोतून सातला निघा, आधी थेट चेतो आणि मग सुकुह. वाटेत केमुनिंगचे चहाचे मळे लागतात. तिथे चहा घ्यायचा तो उतरताना. चढताना थांबलात की धुकं तुमच्या आधी वर पोचतं आणि चेतोच्या दारापासून पुढची पायरी दिसत नाही.